धावपट्टी आणि मतपेटी

शहराच्या मालकीचा विमानतळ वाढवायचा की नाही आणि त्यासाठी कर्ज काढायचे की नाही, हे मतदारांना विचारू नये, असे मानणारा मोठा वर्ग आहे. त्यात नगररचनाकार आहेत, अर्थतज्ज्ञ आहेत, विमान कंपन्या तर आहेतच, आणि एरवी लोकशाहीची बाजू घेणारे संपादकही आहेत. अमेरिकेत हे मत विशेष जोरात मांडले जाते. तिथले बहुतेक प्रवासी विमानतळ नगरपालिकेच्या, काउंटीच्या किंवा त्यांनी स्थापन केलेल्या प्राधिकरणाच्या ताब्यात असतात, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत नागरिक सह्या गोळा करून एखादा प्रश्न थेट मतपत्रिकेवर आणू शकतात. आपल्याकडे असा प्रश्न मतपेटीपर्यंत जातच नाही. म्हणून आपण हा वाद दुरून पाहतो आणि सहसा तज्ज्ञांच्या बाजूने मान डोलावतो. ती मान डोलावण्यापूर्वी तिथे प्रत्यक्ष काय घडले ते पाहायला हवे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. विमानतळाचा लाभ सगळ्या प्रदेशाला होतो, आवाज मात्र शेजारच्या काही हजार घरांना ऐकू येतो. ते शेजारी मतदानाला हिरिरीने येतात, लाभार्थी घरी बसतात, त्यामुळे निकाल ठरलेला असतो. शिवाय विमानतळाचा खर्च घरपट्टीतून होत नाही. विमान कंपन्यांकडून मिळणारे शुल्क, दुकानांचे आणि वाहनतळाचे भाडे व प्रवाशांच्या तिकिटावरील आकार यांतून तो भागतो. ज्याच्या खिशाला हात लागत नाही त्याला विचारायचे कशाला? धावपट्टी किती लांब हवी, वीस वर्षांनी प्रवासी किती असतील, हे गणित चौकातल्या माणसाला झेपणारे नाही. आणि आकाश तर कोणत्याच नगरपालिकेचे नाही.

यातला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो ज्या शहराच्या खटल्यातून पक्का झाला त्याच शहरापासून सुरुवात करणे योग्य ठरेल. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला बरबँक नावाचे छोटे शहर आहे. तिथला विमानतळ १९३० पासूनचा. पुढे तो लॉकहीड या विमान बनवणाऱ्या कंपनीकडे आला. १९७० मध्ये बरबँकच्या नगरपरिषदेने रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेत जेट विमानांच्या उड्डाणांवर बंदी घातली. नियमित वेळापत्रकातले एकच उड्डाण या बंदीत सापडत होते, दर रविवारी रात्री साडेअकराला सॅन डिएगोला जाणारे. त्या एका उड्डाणावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७३ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी बंदी रद्द केली: आवाजासाठी उड्डाणांच्या वेळा ठरवणे हे संघराज्य सरकारचे काम, शहराने आपल्या पोलीस अधिकारात त्यात पडू नये. मात्र विमानतळाची मालकीच शहराकडे असेल तर काय, हा प्रश्न न्यायालयाने मुद्दाम मोकळा ठेवला.

तेव्हा आकाश मतदाराचे नाही, हे ठरले. पण विमान जिथे उतरते ती जमीन, जिथे प्रवासी चढतात ती इमारत, त्या इमारतीसाठी काढलेले कर्ज आणि ते फेडण्याचे करार हे सगळे खाली जमिनीवर घडते. पूर्वपक्ष आकाशाचा न्याय दाखवून जमिनीवरचा हक्कही काढून घेऊ पाहतो. माझा खरा आक्षेप या सरमिसळीवर आहे.

१९७८ मध्ये लॉकहीडकडून हा विमानतळ बरबँक, ग्लेनडेल आणि पॅसाडेना या तीन शहरांनी मिळून विकत घेतला. तो चालवणाऱ्या प्राधिकरणावर प्रत्येक शहराचे तीन सदस्य, एकूण नऊ. विमानतळाची जमीन मुख्यतः बरबँकच्या हद्दीत, पण प्राधिकरणात बरबँकचे मत तीनातले एक. जुनी टर्मिनल इमारत धावपट्टीच्या फार जवळ होती. आजच्या सुरक्षेच्या निकषांत ती बसत नाही, हे कोणीच नाकारत नव्हते. नवी इमारत हवीच होती. प्रश्न होता, केवढी? नव्वदच्या दशकात प्राधिकरणाची योजना १९ गेटची होती आणि पुढे ती २७ पर्यंत नेण्याची सोय त्यात होती. जुन्या इमारतीत गेट होते १४. सुरक्षेच्या नावाखाली गेट जवळजवळ दुप्पट होणार, हे लोकांच्या लक्षात आले. विस्तारासाठी जमीन घेताना शहराची संमती लागते, हा राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन बरबँक कोर्टात गेले आणि ते म्हणणे कोर्टात टिकले. मग २०००मध्ये मतदारांनी ठराव करून टाकला, की नव्या किंवा वाढीव टर्मिनलसाठी शहर प्राधिकरणाशी जो काही करार करील त्याला मतदारांची मंजुरी लागेल.

यानंतर जे घडले ते टीकाकार अर्धेच सांगतात. २००० ते २०१६ अशी सोळा वर्षे नवी इमारत झाली नाही, एवढे ते सांगतात, आणि ते खरे आहे. या विलंबाची किंमत मी कमी लेखत नाही. सुरक्षेचा निकष कागदावर मान्य करून प्रत्यक्षात तो रखडवणे ही चांगली गोष्ट नव्हे. मधल्या काळात एका गटाने रात्रबंदीसारख्या कडक अटी घालणारा आणखी एक ठराव मतदानात मंजूर करून घेतला. तो न्यायालयात टिकला नाही आणि टिकायलाही नको होता. पण २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जो प्रस्ताव मतदारांपुढे आला तो पाहा. नवी इमारत ३,५५,००० चौरस फुटांची, म्हणजे जुनीपेक्षा बरीच प्रशस्त. गेट मात्र १४ च. बदल्यात प्राधिकरणाच्या कारभारात एक कायमची अट: गेट वाढवण्यासारखे काही निर्णय घ्यायचे तर प्रत्येक शहराच्या तीनपैकी किमान दोन सदस्यांची संमती लागेल. दोन शहरांनी मिळून तिसऱ्याला बाजूला सारण्याची वाट बंद झाली. सुमारे ७० टक्के मतदारांनी हो म्हटले. ज्यांना वीस वर्षे विकासविरोधी म्हणून हिणवले तेच हे मतदार.

२०२४ च्या जानेवारीत त्या इमारतीची पायाभरणी झाली. बरबँकच्या जुन्या टर्मिनलचे वैशिष्ट्य म्हणजे तिथे विमानाला जोडणारे बंदिस्त पूल नव्हते. प्रवासी दारातून बाहेर पडायचे, उघड्या फरशीवरून चालत जायचे आणि पुढच्या किंवा मागच्या दाराला लावलेल्या जिन्याने वर चढायचे. पुष्कळांना हा साधेपणा आवडायचा. मतदारांनी तो साधेपणाही आग्रहाने धरून ठेवला नाही. त्यांचा आग्रह एकाच आकड्यावर होता, आणि तो आकडा लेखी मिळाल्यावर त्यांनी होकार दिला.

पुण्या-मुंबईत इमारतीचा पुनर्विकास ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. सभासदांची संमती लागते तोवर बिल्डर प्रत्येक चौरस फूट करारनाम्यात लिहून देतो. संमतीची गरज उरली नाही की तोच बिल्डर फोन उचलत नाही. मताधिकाराचे खरे काम प्रकल्प अडवणे हे नसते. तोंडी आश्वासनाचे रूपांतर बंधनकारक अटीत व्हावे, एवढ्यासाठी तो लागतो.

आता तज्ज्ञांच्या अंदाजाकडे. बरबँकहून २००७ मध्ये सुमारे ५९ लाख प्रवाशांनी ये-जा केली. मग मंदी आली, कंपन्यांनी उड्डाणे कमी केली, आणि २०१३ मध्ये ही संख्या ४० लाखांच्या खाली घसरली. पुन्हा ५९ लाखांच्या आसपास यायला २०१९ उजाडले. नव्वदच्या दशकातली ती २७ गेटची वाट धरली असती तर या मंदीच्या काळात निम्मी इमारत रिकामी आणि कर्जाचे हप्ते पूर्ण, अशी वेळ आली असती, असे मानायला जागा आहे. मतदारांना मंदी आधी दिसली होती, असा माझा दावा नाही. तज्ज्ञांनाही ती दिसली नव्हती, एवढेच मला म्हणायचे आहे. कॅनडात माँट्रियलजवळ मिराबेल विमानतळासाठी १९६९ मध्ये सरकारने सुमारे ९७,००० एकर जमीन शेतकऱ्यांकडून सक्तीने घेतली. जगातल्या मोठ्यात मोठ्या विमानतळांपैकी एक होणार म्हणून तो १९७५ मध्ये सुरू झाला. २००४ मध्ये तिथली प्रवासी सेवा बंद पडली आणि पुढे टर्मिनलही पाडले. ज्यांची शेते गेली त्यांचा कौल कोणी मागितला नव्हता. गणित अवघड आहे हे कबूल. पण अवघड गणित चुकले तर भुर्दंड कोणाला, या प्रश्नाचे उत्तर गणितज्ञाच्या पदवीत सापडत नाही.

पैशाचा मुद्दा सर्वांत बळकट वाटतो आणि नीट तपासला तर सर्वांत कच्चा निघतो. अमेरिकेत शहराच्या करउत्पन्नाची हमी देऊन काढलेल्या रोख्यांना अनेक राज्यांत मतदारांची मंजुरी लागते. कॅलिफोर्नियात ती दोन तृतीयांश बहुमताने लागते. विमानतळ मात्र बहुधा महसुली रोख्यांवर उभे राहतात. म्हणजे फेड फक्त विमानतळाच्या उत्पन्नातून, शहराच्या तिजोरीवर दावा नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी मतदानही नाही. कायद्याने हे ठीक असेल. पण ते उत्पन्न येते कोठून? प्रत्येक प्रवाशामागे साडेचार डॉलरपर्यंत आकार घेता येतो, तो प्रवाशाच्या तिकिटात असतो. रोख्यांवरच्या व्याजाला आयकरातून सूट असते, म्हणजे तिथे सार्वजनिक तिजोरीचा हातभार आहेच. जमीन शहराची असते. तिचा दुसरा काही उपयोग करता आला असता, तो सोडून दिलेला असतो. आणि विमान कंपनीने गाशा गुंडाळला तर रोखे फेडायचे राहतात, शहराच्या पतीला बट्टा लागतो, उरलेल्या कंपन्यांचे शुल्क चढते. ‘करदात्याच्या खिशाला हात लागत नाही’ हे वाक्य इतक्या पळवाटांमधून गेल्यावर फारसे शिल्लक राहत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट अनुदानाची. संघराज्याच्या विमानवाहतूक प्रशासनाकडून शहराने अनुदान घेतले की त्यासोबत अटी येतात: विमानतळ चालू ठेवायचा, कोणालाही अन्याय्य रीतीने अडवायचे नाही, विमानतळाचे उत्पन्न इतरत्र वळवायचे नाही. यांतल्या बहुतेक अटी साधारणपणे वीस वर्षे टिकतात. लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला समुद्रकाठी सँटा मोनिकाचा विमानतळ आहे, सुमारे २२७ एकरांचा, दोन्ही टोकांना घरे लागून. १९९४ च्या अनुदानाची मुदत २०१४ मध्ये संपते आणि मग आपण मोकळे, असे शहर धरून चालले होते. पण २००३ मध्ये त्या अनुदानात दुरुस्ती होऊन शहराला सुमारे २ लाख ४० हजार डॉलर जास्तीचे मिळाले होते. प्रशासनाने सांगितले, वीस वर्षे तिथून मोजा. २०२३ पर्यंत तुम्ही बांधील आहात. एका शहराच्या हिशेबात किरकोळ वाटावी अशा रकमेने विमानतळाचे भवितव्य नऊ वर्षे पुढे ढकलले. ही रक्कम घेताना मतदारांना कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तर कोणीतरी नक्कीच हा प्रश्न उठवला असता. निधी कोणाकडून, किती, आणि त्याबदल्यात आपण किती वर्षे कशाला बांधले जातो, हे मतदारापुढे यायला हवे, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी. पुढच्या पिढीला बांधून टाकणारी सही एखाद्या बैठकीत, विषयपत्रिकेच्या तळाशी होऊ नये.

शेजारी नेहमी नाहीच म्हणतात, हे विधान तर इतिहासालाच धरून नाही. डेन्व्हरचे उदाहरण बघा. जुना स्टेपलटन विमानतळ अपुरा पडत होता आणि नव्यासाठी जागा होती शेजारच्या ॲडम्स काउंटीत. कोलोरॅडोच्या राज्यघटनेत १९७४ मध्ये दुरुस्ती झाली होती. तिच्यामुळे डेन्व्हरला शेजारची जमीन हद्दीत घ्यायची तर त्या काउंटीच्या मतदारांची संमती लागत असे. १९८८ च्या मे महिन्यात ॲडम्स काउंटीने मतदान केले आणि सुमारे ५६ टक्क्यांनी हो म्हटले. पुढच्या वर्षी मे महिन्यातच डेन्व्हरच्या मतदारांनी सुमारे ६३ टक्क्यांनी नव्या विमानतळाला कौल दिला. विरोधात उभ्या होत्या त्या युनायटेड आणि कॉन्टिनेंटल या बड्या विमान कंपन्या, कारण खर्चाचा बोजा त्यांच्यावर पडणार होता. ५३ चौरस मैलांचा तो विमानतळ १९९५ मध्ये सुरू झाला. सामान वाहून नेणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने घोळ घातल्यामुळे तो सोळा महिने उशिरा सुरू झाला. मतदानाने कंत्राटदाराची चूक टळत नाही. पण ॲडम्स काउंटीने संमतीच्या आधी जो करार करून घेतला त्यात आवाजाच्या मर्यादा आकड्यांत होत्या आणि ती मर्यादा मोडल्यास प्रत्येक उल्लंघनामागे ५ लाख डॉलरची तरतूद होती. त्या कलमावरून पुढे खटले झाले. खटला लढता यावा असे कलम हाती असणे, ही ॲडम्सच्या मताची कमाई.

नाही म्हटल्याचीही उदाहरणे आहेत. ऑरेंज काउंटीत एल टोरोचा लष्करी तळ बंद होणार होता. १९९४ मध्ये तिथे नागरी विमानतळ करायला मतदारांनी निसटत्या बहुमताने मान्यता दिली आणि २००२ मध्ये, आराखडे समोर आल्यावर, सुमारे ५८ टक्क्यांनी ती मागे घेऊन उद्यान मागितले. सॅन डिएगोने २००६ मध्ये मिरामारच्या लष्करी तळावर विमानतळ हलवण्याला नकार दिला. यामुळे त्या भागातली विमानवाहतूक बंद पडलेली नाही.

खरा अवघड आक्षेप हद्दीचा आहे. विमानाचा आवाज नगरपालिकेच्या सीमेवर थांबत नाही, मतदान मात्र थांबते. मिसुरीतल्या सेंट लुईस शहराच्या विमानतळाला नवी धावपट्टी हवी होती तेव्हा शेजारच्या ब्रिजटन गावातली सुमारे दोन हजार घरे त्यात गेली. विमानतळ सेंट लुईसचा, म्हणून ब्रिजटनच्या लोकांना मत नव्हते. ते कोर्टात गेले आणि हरले. सुमारे एक अब्ज डॉलरची ती धावपट्टी २००६ मध्ये सुरू झाली तोवर अमेरिकन एअरलाइन्सने तिथले आपले बस्तान आवरते घेतले होते आणि प्रवासी निम्म्याहून कमी झाले होते. या आक्षेपातून पूर्वपक्ष निष्कर्ष काढतो, की मतच नको. मला त्यातून वेगळा निष्कर्ष दिसतो: मताची हद्द वाढवा. डेन्व्हरने दाखवून दिले की ज्यांची जमीन जाते आणि ज्यांच्या नावावर कर्ज चढते, अशा दोघांनाही विचारता येते.

आणि हद्दीबाहेरचा मतदार स्वार्थीच असतो, हेही गृहीत धरू नये. म्युनिकचा विमानतळ शहरापासून सुमारे २८ किलोमीटर दूर, फ्रायझिंग आणि एर्डिंग या जिल्ह्यांत आहे. मालकीत बव्हेरिया राज्याचा वाटा ५१ टक्के, केंद्राचा २६ आणि म्युनिक शहराचा २३. तिसरी धावपट्टी बांधायची होती. तिच्या टोकाशी अटाखिंग नावाचे गाव. १७ जून २०१२ ला मतदान झाले ते फक्त म्युनिक शहरात. अटाखिंगच्या लोकांना मत नव्हते. ज्यांना आवाजाचा त्रास नव्हता आणि सोयच मिळणार होती, त्या म्युनिककरांनी ५४.३ टक्क्यांनी नाही म्हटले. महापौर ख्रिस्टियान ऊडे स्वतः धावपट्टीच्या बाजूने होते. कायद्याने हा कौल एकच वर्ष बंधनकारक होता. पण त्यांनी आणि शहराने तो त्यापुढेही पाळला. नंतर जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने धावपट्टीची परवानगी वैध ठरवली, तरी ती बांधली गेली नाही. बांधणे कायदेशीर आहे का, हे न्यायालयाने सांगितले. बांधायचे का, हे लोकांनी. अटाखिंगचे काय होईल ते दुसऱ्या शहराच्या मनावर अवलंबून राहिले, हा दोष मात्र उरतोच, आणि तो दूर करायचा तर फ्रायझिंगलाही मत द्यावे लागेल.

मतदानाचा हक्क दोन्ही बाजूंना वापरता येतो, म्हणून प्रश्न कसा लिहिला आहे याला फार महत्त्व आहे. २०१४ मध्ये सँटा मोनिकाच्या मतपत्रिकेवर दोन प्रस्ताव शेजारी शेजारी होते आणि दोन्ही मतदारांच्या हक्काचीच भाषा बोलत होते. विमानधारक-वैमानिकांच्या संघटनांनी पैसा पुरवलेल्या प्रस्तावाचा अर्थ होता, मतदानाशिवाय विमानतळ बंद करता येणार नाही. नगरपरिषदेच्या प्रस्तावाचा अर्थ होता, विमानतळ बंद झाल्यावर तिथे उद्यान-मैदानाखेरीज काही बांधायचे तर मतदारांना विचारावे लागेल. जाहिरातींचा मारा होऊनही लोकांनी दोन्ही मजकूर वाचले, पहिला नाकारला आणि दुसरा मंजूर केला. या कौलाच्या बळावर शहर केंद्राशी बोलणीला बसले. २०१७ च्या तडजोडीत ४,९७३ फुटांची धावपट्टी ३,५०० फुटांवर आली आणि ३१ डिसेंबर २०२८ नंतर विमानतळ बंद करण्याची मुभा मिळाली.

तेव्हा मतदाराला काय विचारावे, याबद्दल माझे म्हणणे स्पष्ट आहे. उड्डाणाच्या वेळा आणि मार्ग विचारू नयेत. शहराच्या पोलीस अधिकारात ते ठरवण्याचा मार्ग १९७३ मध्येच बंद झाला आणि त्यावरचे मतदान लोकांना खोटी आशा लावते. जमीन, गेटची संख्या, कर्जाची रक्कम, अनुदानासोबत येणारी बांधिलकी आणि कारभारातल्या मतांची वाटणी, एवढे अवश्य विचारावे. मतपत्रिकेसोबत प्रवासी-अंदाजाचा जो आकडा घराघरांत जाईल त्याच्याच खाली, त्याच विमानतळासाठी दहा आणि वीस वर्षांपूर्वी केलेला अंदाज आणि प्रत्यक्ष आलेले प्रवासी छापावेत. मुख्य विमान कंपनी निघून गेली तर रोख्यांचा हप्ता कोण भरणार, हेही एका वाक्यात लिहावे, आणि ते वाक्य प्राधिकरणाच्या वित्त अधिकाऱ्याच्या सहीने असावे.